गुरुजी ले कौन काढलं

१

या भानगडीत गुंजनला मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ. नाव? पोस्टखाली तिचं नावच नव्हतं. टाळ्या? त्या वाजल्या, पण दुसऱ्याच्या अब्रूवर. सूड? ज्याच्यावर उगवायचा त्या केवलराम कापगतेला तिनं जन्मात दोनदा पाहिलेलं. जाण्यासारखं मात्र होतं. बँकेतल्या पहिल्या नोकरीचं पत्र हातात आलं होतं आणि पोलिस पडताळणी व्हायची होती. मधे एक तक्रार पडली की पत्राची रद्दी.

तरीही सारं सडक अर्जुनी गाव म्हणत होतं, गुंजननंच केलं.

माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीसमोर आहे. लोक कागद माझ्याकडं एका बाजूनं देतात आणि दुसऱ्या बाजूची गोष्ट तोंडी सांगतात. त्यामुळं मला सगळं कळतं, निदान तसं मला वाटायचं. दुकानाला लागून रुख्माताई उईकेंचं टेबल. लोक बोलतात आणि ताई अर्ज लिहून देतात. पूर्वी हातानं लिहायच्या, आता लॅपटॉपवर. बावीस वर्षांत कोणाच्या अर्जात काय होतं, हे त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. विचारून पाहिलं नाही असं नाही.

घडलं ते असं. ‘झाडीचं मत’ नावाचं एक पान आमच्या झाडीपट्टीत मोबाईलवर चालतं. चाळीस हजार लोक ते वाचतात. चालवणारे तिघं. हिमांशू कटरे मोबाईल आणि नवीनवी यंत्रं तपासून मत देतो, ढाबेवाल्या तिवारींची गुंजन सिनेमावर लिहिते आणि लखन मेश्राम समाजावर. तिघांकडं एकच पासवर्ड. गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्या पानावर एक ओळ आली:

‘लीलाधर गुरुजी ले कौन काढलं तुला सब मालूम है म्हणते सांग बापा सांग’

लीलाधर गुरुजी म्हणजे चार किलोमीटरवरच्या खैरबोडीच्या शाळेतले. अठरा वर्षं एका जागी होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजी नव्हते, त्यांची बदली झाली होती, जंगलपट्टीत, दोन बस बदलून जावं लागतं अशा गावी. गाव हळहळलं आणि भाताच्या रोवणीला लागलं. आता चार महिन्यांनी या ओळीनं गाव जागं झालं. खरंच की, गुरुजींना काढलं कोणी?

संध्याकाळपर्यंत सहाशे लोकांनी उत्तर दिलं होतं. उत्तर एकच होतं, केवलराम.

२

केवलराम कापगते शाळेच्या समितीचे अध्यक्ष. गावात किराणा दुकान. दर वाक्याच्या शेवटी ‘मले सब मालूम हाये’ म्हणायची सवय. त्यामुळं ‘तुला सब मालूम है म्हणते’ हा बाण कोणाला, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. शिवाय छब्बीस जानेवारीच्या नाचावरून त्यांचं आणि गुरुजींचं वाजलं होतं, ते साऱ्या गावानं पाहिलं होतं.

शुक्रवारी ते ताईंच्या टेबलासमोर येऊन बसले.

“रुख्माबाई, तक्रार लिवा. ठाण्यात द्याची हाये.”

“कोणाविरुद्ध जी?”

“त्या ढाबेवाल्याच्या पोरीविरुद्ध. कालपासून माह्या दुकानात माशी नाई आली. बाया तेल आनाले दुसऱ्या गावाले जाऊन राहिल्या. शटरवर खडूनं लिवलं, ‘गुरुजीले परत आणा.’ माहा सख्खा भाऊ मले इचारते, दादा, काऊन केलं गा?”

“पोरीनंच लिहिलं कशावरून?”

“कौन! सब मालूम है! असं हिंदी त्या तिघाईत कोण बोलते? मले सब मालूम हाये.”

ताईंनी प्रिंटरकडं पाहिलं. “सोमवारी या जी. आज शाई नाई.”

तीन फुटांवर माझं यंत्र शाईनं तुडुंब भरलेलं होतं. केवलरामनी माझ्याकडं पाहिलं. मी महामार्गावरचे ट्रक मोजू लागलो.

ते गेल्यावर म्हणालो, “ताई, शाई तर आहे.”

“शाई हाये, कैलाशभाऊ. पण गुन्हेगाराच्या नावाची जागा अजून कोरीच हाये. ती भरली का लेकराची नोकरी गेली.” आणि एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर त्यांनी ती ओळ उतरवून घेतली. एकेक शब्द सुटा, मधे बोटभर जागा सोडून.

मग म्हणाल्या, “हे एका माणसाचं लिहिणंच नाई.”

३

लखन स्वतःहून आला. त्याला समितीवर जायचं होतं हे उघड गुपित होतं. केवलराम पडले तर खुर्ची रिकामी. फायदा मोजायचा तर सगळ्यात मोठा याचाच.

“मी नाई लिहिलं, ताई. शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ राहू दे. तू गुरुजीवर लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं?”

लखनची छाती फुगली. “जाहीर सवाल! तीन उद्गारचिन्हं! एका कर्तव्यनिष्ठ शिक्षकाच्या हकालपट्टीमागचा सूत्रधार कोण? पुन्हा तीन उद्गारचिन्हं!”

“जा, चहा पी,” ताई म्हणाल्या. त्या ओळीत उद्गारचिन्ह सोडा, साधं टिंबही नव्हतं. लखनचा हात बांधून ठेवला तरी त्यानं नाकानं उद्गारचिन्ह काढलं असतं.

दुपारी गुंजन आली. डोळे सुजलेले. सिनेमागृहात हमसून रडायचं आणि बाहेर येऊन पाचपैकी दोन तारे द्यायचे, अशी तिची ख्याती. आज मात्र रडणं खरं होतं.

“ताई, सब मुझे ही बोल रहे हैं. पप्पा ने मोबाईल छीन लिया.”

“तू लिहिलं का, बेटा?”

“मी कायको लिखूँगी? मला तो गुरुजी मालूमच नाही नीट.” ती हिंदी-मराठीच्या मधल्या बांधावर चालत होती. “और एक बात बोलू? मैं लिखती तो ‘किसने’ लिखती. ‘किसने निकाला.’ ‘कौन निकाला’ हमारे घर में कोई नहीं बोलता, दादी डंडा लेके मारेगी.”

ताईंचा पेन थांबला. त्यांनी तो झेरॉक्सचा कागद पुढं ओढला आणि ‘कौन’भोवती गोल केला.

“कैलाशभाऊ, या ओळीत ‘गुरुजी ले’ हाये. ‘ले’ म्हणणारा झाडीचा. मग तोच माणूस ‘तुले’ सोडून ‘तुला’ कायले लिहीन? ‘तुला’ पुण्याचं. ‘सब मालूम है’ गोंदियाच्या बाजारातलं. अन् ‘कौन’ तं हिंदीवाल्याले बी चालत नाई. मंग हे कोणाचं?”

मी म्हणालो, “तिघांनी मिळून लिहिलं असेल.”

“तिघाईनं मिळून आजवर पान चालवताना एक वाक्य सरळ लिहिलं नाई. गुन्हा काय लिहितील!”

माझ्या डोक्यात आता पुरता चिखल झाला होता. ताईंच्याही. फरक एवढाच, की त्या चिखलात पाय रोवून उभ्या होत्या.

“आणखी एक पाहा,” त्या म्हणाल्या. “चाळीस हजार लोकाईले इचारायचं असतं तर ‘सांगा’ म्हटलं असतं. इथं ‘सांग’ हाये. ‘सांग बापा.’ लिहिणारा एकालेच इचारून राहिला.”

“केवलरामला.”

“केवलरामले ‘सांग बापा’ म्हणणारा गावात कोण हाये? त्याची बायको बी ‘अहो’ म्हणते.”

४

हिमांशूच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी गेलो. याची कीर्ती फेब्रुवारीपासूनची. खैरबोडीच्या शाळेत डिजिटल फळा आला तेव्हा हा तपासायला गेला आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, ‘फळा स्मार्ट, गुरुजी स्टार्ट होईना’. त्यात गुरुजी त्या काचेच्या फळ्यावर खडूनं लिहितात, मग चूक कळल्यावर खिशातल्या रुमालानं पुसतात आणि फळ्याला ‘सॉरी’ म्हणतात. दोन लाख तेरा हजार लोकांनी पाहिला. आमच्या दुकानात तर तो रांगेतल्या लोकांना मी दाखवायचो. तिथून कंपन्या हिमांशूला तपासायला मोबाईल पाठवू लागल्या.

म्हणजे याला अशा पोस्टीतून मिळायचं काहीच नव्हतं. वादाला कंपन्या भितात.

“ताई, मी असतो तर पाचपैकी किती तारे, ते टाकलं असतं ना,” तो हसून म्हणाला. हसणं ओठांपर्यंतच आलं.

ताई फळीवरचे रिकामे डबे पाहत होत्या. “हा निळा डबा नवीन. मोबाईल कुठं हाये?”

“आहे ना. इथंच कुठंतरी.”

“आण.”

हिमांशू उशीखाली पाहून आला, मग कपाटात, मग मोरीत. मोबाईल मोरीत ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

“खोटं शोधून राहिला तू. कोणाले देलं?”

तो खाली बसला. “कंपनीची अट आहे, ताई. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. पण त्यात बोललेलं आपोआप लिहून येतं. मले वाटलं, लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं वापरला तर मस्त व्हिडिओ होईल. बुधवारी दिला. शिकवलं बी. इथं बोलायचं, मग हे निळं बटण दाबायचं.”

“बोललेलं कुठं लिहून येत होतं?”

“आपल्या पानाच्या चौकटीत. तीच उघडी राहिली, अन् निळं बटण दाबलं का थेट पानावर...” त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. एवढा हुशार पोरगा, आणि आदल्या दुपारपासून हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“कोणाले देलं, हिमांशू?”

“शाळेत खिचडी शिजवते ना, वच्छलाबाई. पण ताई, तिनं कसं लिहिलं असंल? तिले सही बी येत नाही. पगारपत्रकावर अंगठा लावते.”

५

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वच्छलाबाई खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासत होती. मोबाईल विचारला तशी हात पुसत आत गेली आणि तांदळाच्या कोठीतून फडक्यात गुंडाळलेला काढून आणला.

“न्या वो बाई. काई कामाचा नाई हा.”

“काऊन? काय झालं?”

“हिमांशू म्हणे, याच्याशी बोल, काई बी इचार, याले सप्पा मालूम हाये. गुरुवारी पोरं जेवून गेली मंग इचारलं. निळं बटन दाबलं. तं गपच बसलं. मंग कोठीत ठेवून देलं.”

“काय इचारलं होतं, वच्छलाबाई? जसंच्या तसं सांग.”

वच्छलाबाईनं मोबाईल तोंडाजवळ धरला, देवाला गाऱ्हाणं घालावं तसा. “लीलाधर गुरुजीले काऊन काढलं? तुले सप्पा मालूम हाये म्हणते. सांग बापा, सांग.”

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

काऊन. आमच्याकडं त्याचा अर्थ ‘का’. लहान मूल बोलायला लागलं की हाच शब्द आधी शिकतं आणि दिवसभर आईला पिडतं. यंत्राला तो कोणी शिकवला नव्हता. त्यानं जवळचा शब्द उचलला, कौन. ‘तुले’चं ‘तुला’ केलं, ‘सप्पा’चं ‘सब’ केलं, ‘हाये’चं ‘है’. बाईनं मोबाईललाच विचारलं होतं, गुरुजींना का काढलं. चाळीस हजार लोकांनी वाचलं, कोणी काढलं.

“म्हणजे गुन्हेगारच नाही!” मी म्हणालो. “सुटली पोरगी!”

वच्छलाबाईला यातलं काही कळलं नव्हतं. ती ताईंच्या समोर उकिडवी बसली. “मोबाईलनं नाई सांगतलं, तं तुमी सांगा ना, बाई. तुमी साऱ्याईचे अर्ज लिवता. रोज जेवाच्या आधी गुरुजी पहिला घास चाखून पाहेत. अठरा वर्षं. जाताना मले सांगतलं बी नाई. माह्या हातचं काई वाईट झालं का? काऊन काढलं त्याईले?”

ताईंनी मान खाली घातली. बावीस वर्षांत ती मान मी खाली गेलेली पाहिली नव्हती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या बाईला उत्तर माहीत आहे.

६

रस्त्यात ताईंनी गाडी थांबवायला लावली आणि सागाच्या सावलीत उभं राहून फोन लावला. गुरुजींकडं अजूनही बटणांचा मोबाईल आहे, पलीकडचा आवाज मोठ्यानं येतो.

“गुरुजी, तुमच्या अर्जाची गोष्ट सांगू का? एका बाईले सांगाची हाये. तिचा हक्क हाये.”

गुरुजी म्हणाले, “सांगा. पण लेकरांची नावं घेऊ नका.”

सोमवारी टेबलाभोवती सगळे जमले. केवलराम, तिघं पानवाले, लुगड्याचा पदर तोंडाला लावून वच्छलाबाई. ताईंनी आधी मोबाईल केवलरामांपुढं धरला.

“यात बोला जी. इचारा मले, मी तक्रार का देऊ नये.”

केवलराम खाकरले. “मी तक्रार काऊन देऊ नाई?”

काचेवर अक्षरं उमटली: ‘मी तक्रार कौन देऊ नाही’.

त्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं. मग वच्छलाबाईकडं पाहिलं, गुंजनकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, “मले हे मालूम नव्हतं.”

गुंजन रडू लागली. पाचपैकी पाच ताऱ्यांचं रडणं होतं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. केवलराम उठलेही. पण ताई म्हणाल्या, “बसा जी. हिचा सवाल राहिला. गुरुजीले कोणी काढलं नाई. त्याईनंच बदली मागितली. अर्ज मीच भरून देला. कारण इचारलं तं म्हणे, वैयक्तिक लिहा. तारीख होती अठ्ठावीस फेब्रुवारी.” मग हिमांशूकडं वळल्या. “तुहा फळ्याचा व्हिडिओ कवाचा?”

हिमांशूनं पाहिलं नाही. त्याला पाठ होतं. “दहा फेब्रुवारी.”

“गुरुजी फळ्याकडं वळले का मागून वर्ग म्हणे, ‘सॉरी, फळासाहेब.’ हसत. रोज. अठरा दिवस ऐकलं, एकोणिसाव्या दिवशी माह्या टेबलावर आले. अठरा वर्षं ज्या पोराईले शिकवलं त्याईच्याच लेकराईसमोर उभं राहवत नाई म्हणे. बाकी काई नाई बोलले.”



“कोन्ता व्हिडिओ?” वच्छलाबाईनं विचारलं.

सगळ्या खैरबोडीत फक्त तिच्याकडं मोबाईल नव्हता. तेवढ्या एका बाईनं तो पाहिला नव्हता. म्हणूनच ‘काऊन’ हे विचारणं तिलाच सुचलं. बाकीच्यांनी ‘कौन’ वाचलं, कारण दुसरं कोणी सापडलं की आपण सुटतो.

हिमांशूनं तिला व्हिडिओ दाखवला. चाळीस सेकंद. ती हसली नाही. गुरुजी फळ्याला सॉरी म्हणाले तिथं म्हणाली, “पाह्य बापा, केवढा भला माणूस,” आणि मोबाईल परत दिला.

आता कोणी काय भरलं ते लिहून मोकळा होतो. केवलरामांनी चार दिवस भरले, न केलेल्या कामाचे. शटरवरचा खडू त्यांनी स्वतः पुसला. गुंजननं चार रात्रींची झोप भरली. पडताळणी सुखरूप झाली. हिमांशूनं व्हिडिओ काढून टाकला, निळ्या डब्यातला मोबाईल कंपनीला कबुलीसह परत पाठवला. पुढचे डबे येणं थांबलं. त्या रात्री पानावर त्यानं एक ओळ हातानं टाईप करून टाकली: ‘लीलाधर गुरुजीले काऊन जावं लागलं? माह्यामुळं.’ वच्छलाबाईनं चार महिने ‘माह्या हातचं काई वाईट झालं का’ हा घोर भरला, आणि गुरुजी अजून रोज दोन बसचं भाडं भरतात. परत यायचं का, हे ताईंनी विचारलं. ते म्हणाले, इथल्या शाळेत फळा काळाच आहे.

हिमांशूच्या त्या ओळीला एकसष्ट जणांनी अंगठा दिला. त्यातला एक माझा. व्हिडिओ पाहणारे होते दोन लाख तेरा हजार, आणि काढून टाकण्याआधी मी त्याच्याखाली एकदा बोट फिरवून पाहिलं. हसण्याची खूण करणाऱ्यांच्या यादीत तिसरंच नाव होतं: कैलाश झेरॉक्स. त्या नावापुढं भरणा काही नाही. कोरं आहे.